विश्लेषण : फ्लेक्सवरचा चेहरा नेमका कोणाचा?

अमरावतीचा राजकमल चौक असो की अकोल्याचा नेहरू पार्क चौक, वाढदिवसाचा फ्लेक्स लांबूनच ओळखू येतो. मधोमध गॉगल घातलेले ‘भाऊ’, मागे गाडी किंवा वाघ, खाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे फोटो. नाव बदलते, गॉगल तोच राहतो. यावर हसणे सोपे आहे. पण स्वतःला दुसऱ्याच्या साच्यात बसवणे हा समकालीन कलेतलाही मोठा विषय आहे.

कलाकारांनी काय केले?

मुंबईचे चित्रकार अतुल दोडिया यांनी १९९४ मध्ये ‘द बॉम्बे बकॅनिअर’ हे आत्मचित्र रंगवले. आधार होता आदल्याच वर्षी आलेल्या ‘बाजीगर’च्या पोस्टरचा. नायकाच्या जागी स्वतः चित्रकार, डोळ्यांवर गॉगल. मात्र त्या काचांत दिसतात भूपेन खख्खर आणि डेव्हिड हॉकनी हे दोन चित्रकार. आपला ‘मी’ कुठून कुठून उसना आणला, हे दोडियांनी चित्रातच सांगून टाकले.

पुष्पमाला एन. यांनी १९९६ ते ९८ दरम्यान मुंबईत ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ ही छायाचित्रमालिका केली. त्यातली मुखवटाधारी नायिका ‘हंटरवाली’ (१९३५) गाजवणाऱ्या फिअरलेस नादियाची आठवण करून देते. नायिका आणि तिची जुळी बहीण, दोन्ही भूमिका पुष्पमाला यांच्याच. कपडे बदलले की बाई बदलते!

मग फ्लेक्समध्ये वेगळे काय?

या कलाकृतींत साचा उघड दिसतो, फ्लेक्समध्ये तो लपतो. दुकानात पीएसडी फाइल तयारच असते. चेहरा कापून बसवला की काम झाले. फोनमधला फिल्टर हेच क्षणात करतो. चेहऱ्यावरचे बिंदू हेरतो, त्वचा गुळगुळीत करतो, रंग उजळतो. चांगले दिसणे म्हणजे काय, हे फिल्टर बनवणारा आधीच ठरवून मोकळा झालेला असतो. वऱ्हाडच्या उन्हात, कपाशीच्या शेतात रापलेला रंग त्याच्या लेखी दोष ठरतो.

यात धोका काय?

२९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि अनेकांनी कमावलेले फॉलोअर्स एका रात्रीत गेले. जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले, मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. लाइक्सवर उभा राहिलेला ‘मी’ असा भाड्याच्या घरात राहतो. मालक कधी बाहेर काढेल, याचा भरवसा नाही.

उपाय काय?

फ्लेक्सच्या तळाशी का होईना, वस्तीतल्या पोराचा फोटो पहिल्यांदाच चौकात लागतो. आपण दिसावे ही त्याची इच्छा रास्तच आहे. अडचण आहे ती त्याच्या हाती एकच साचा असण्याची. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत मुले स्मरणचित्र आणि संकल्पचित्र काढतातच. त्यासोबत एक तास आत्मचित्राला द्यावा. एका बाजूला आरशातला चेहरा, दुसऱ्या बाजूला फिल्टरमधला. दोन्ही शेजारी ठेवले, की काय पुसले गेले ते मुलांना शिक्षकांनी सांगावे लागणार नाही.