इतिहासातून गाळलेली माणसे

दिवाळीच्या सुट्टीत मुलाच्या हाती एखादे पुस्तक द्यावे, ही आपल्या मध्यमवर्गाची एक चांगली खोड आहे. ती मोडावी असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझे भांडण आहे ते त्या पुस्तकात काय असते याच्याशी. आणि त्याहून अधिक, काय नसते याच्याशी. अंगणात मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात, मावळे मांडतात. आणि पुस्तकातही नेमका तेवढाच किल्ला असतो. राजा असतो, शत्रू असतो, तलवार असते. पोटासाठी गाव सोडून आलेला किंवा सोडून गेलेला माणूस मात्र शोधून सापडत नाही. जणू महाराष्ट्रातली यच्चयावत माणसे सृष्टीच्या आरंभापासून आपापल्या जागी बसून होती आणि बाहेरून आला तो फक्त शत्रू!

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातले दोन तालुके घ्या. खालापूर म्हटले की पुस्तकवाले १६६१ सालची उंबरखिंड सांगतात. सांगावीच. कारतलबखानाची फौज महाराजांनी त्या अरुंद वाटेत कशी कोंडली, हे ऐकून ज्या मुलाच्या अंगावर काटा येत नाही त्याची नाडी पाहावी. पण त्याच सह्याद्रीच्या अंगावर आणखी एक लढाई झाली. १८५६ पासून १८६३ पर्यंत बोरघाटात लोहमार्ग चढवण्याचे काम चालले होते. ऐन भरात, १८६१ साली, त्या कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसे होती. कुठून कुठून आलेली ही माणसे बोगदे खणीत होती, सुरुंग लावीत होती आणि पटकीने पटापट मरत होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली आला आणि काही आठवड्यांतच वारला; पुढचे काम त्याच्या पत्नीच्या, ॲलिस ट्रेडवेलच्या, नावाने चालले. त्या बाईंचे नाव निदान मोठ्यांच्या ग्रंथांत सापडते. दगड फोडणाऱ्यांचे कुठेच नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून इंजिन लावतात, तेवढ्या वेळात आपण बटाटेवडा खातो आणि मुलाला चढण समजावून सांगतो. बोगदा कोणी खणला, हे मुलगा विचारीत नाही. कारण असे काही विचारायचे असते, हे त्याच्या कुठल्या पुस्तकाने त्याला शिकवलेलेच नाही.

त्याच मार्गाने उलट, मुंबईकडे या. वाटेत उल्हासनगर लागते. फाळणीनंतर सिंधमधून घरदार टाकून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९ साली त्या छावणीला हे नाव मिळाले. कर्जतच्या मुलाला हे स्टेशन पाठ असते. पण फाळणी म्हणजे त्याच्या लेखी दूर पंजाबात घडलेली गोष्ट. तिचे एक टोक आपल्याच लोकलच्या खिडकीबाहेर आहे, हे त्याला कोण सांगणार?

यावर एक पक्ष म्हणतो, ‘‘मुलांची मने कोवळी असतात. त्यांना पराक्रम द्या, रडगाणी कशाला?’’ या मंडळींनी ‘श्यामची आई’ विसरावी, याचे मला आश्चर्य वाटते. १९३५ सालापासून मराठी मुले ते कर्ज, ती जप्ती, ती उपासमार वाचून रडत आली आहेत आणि त्यांचे काही वाईट झाल्याचे ऐकिवात नाही. आणि पराक्रमच हवा असेल तर खालापुरातल्या चौक गावी जा. हे नेताजी पालकरांचे गाव म्हणून सांगतात. स्वराज्याचा हा सरनोबत १६६६ साली स्वराज्य सोडून गेला, मोगलांच्या हाती सापडला, धर्म बदलून दूर सरहद्दीकडे धाडला गेला आणि १६७६ साली परत आला. महाराजांनी त्याला स्वधर्मात आणि घरात घेतले. गेलेल्या माणसाला परत यायला दार असावे की नाही, या प्रश्नावर याहून थरारक गोष्ट आमच्या बालवाङ्मयाला हवी तरी कुठली?

दुसरा पक्ष पहिल्यापेक्षा घातक. त्याला ‘स्थलांतर’ हा विषय मुलांना ‘द्यायचा’ असतो. काढा द्यावा तसा. या लेखकांच्या पुस्तकात वीटभट्टीवरची मुलगी असते, पण ती कधी हसत नाही, खोड्या करीत नाही, भावाच्या वाटणीचा गूळ पळवीत नाही. ती फक्त समस्या असते. शेवटच्या पानावर प्रश्न असतात. अशी पुस्तके मुले वाचीत नाहीत, आणि शहाणी असतात म्हणूनच वाचीत नाहीत.

आता खऱ्या मुलीबद्दल सांगतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री जेवून आपण विडा खाल. त्यातला कात खैराच्या झाडाचा. तो काढणारे म्हणून कातकरी. इंग्रजी अमदानीत जंगलांना कायद्याचे कुंपण पडले आणि ही माणसे कोळसा पाडण्याकडे, मजुरीकडे ढकलली गेली. आजही कर्जत-खालापूरच्या अनेक कातकरीवाड्या दिवाळीनंतर ओस पडतात. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली उचल फेडायला कुटुंबे निघतात. वीटभट्टीला पनवेल-भिवंडीकडे, कोळशाला थेट कर्नाटकापर्यंत. पोरेही बरोबर जातात. सरकारने अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढले आहे. ते घेऊन मूल भट्टीजवळच्या शाळेत बसू शकते. बसले, तरी तिथल्या पुस्तकात त्याचा मागमूस कुठे आहे? त्याच वर्गातला गावचा मुलगा त्याला उपरा म्हणतो. हा शब्द तो आपल्याच घरी शिकला. तिथे तो मुंबईहून मोटारीने येऊन जमीन घेणाऱ्या फार्महाऊसवाल्यांना कोणी लावीत नाही. खोपोलीच्या कारखान्यात बिहारहून आलेल्या मजुराला आणि भट्टीवरच्या कातकऱ्याला मात्र लावतात. कातकरी तर या डोंगरांत कित्येक पिढ्यांपासूनचा!

प्रकाशक म्हणतील, असली पुस्तके खपत नाहीत. मग या दिवाळीत पुस्तकांच्या दुकानात गेल्यावर एक करा. किल्ल्याचे पुस्तक अवश्य घ्या. आणि दुकानदाराला विचारा, घाटातला बोगदा खणणाऱ्यांची मुलांसाठी एखादी गोष्ट आहे का? तो नाही म्हणेल. पुढच्या दिवाळीत पुन्हा विचारा.