वाळकेश्वरचा गिरी आणि आपले शिवपूजन

महाशिवरात्रीच्या पुण्यपर्वकाळी गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील भाविक कुटुंबांची पावले बाबुलनाथाकडे आणि वाळकेश्वराकडे वळतात. ही दोन्ही शिवस्थाने मलबार टेकडीच्या आश्रयाने वसली आहेत, याचे स्मरण मात्र थोड्यांना असते. वस्तुतः गिरीच्या पायथ्याचे गाव ते गिरगाव, अशी त्या नावाची फोड सांगतात. देवाइतकाच हा गिरीही वंदनीय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

'वालुका' आणि 'ईश्वर' या पदांचा संधी होऊन 'वालुकेश्वर' हे नाव सिद्ध झाले. सीतेच्या शोधार्थ निघालेले प्रभू रामचंद्र येथे विसावले. लक्ष्मण नित्य काशीहून शिवलिंग आणीत असे. एकदा त्यास विलंब झाला, तेव्हा पूजेची वेळ टळू नये म्हणून प्रभूंनी वाळूचेच लिंग केले. तृषा लागली तेव्हा बाण मारून पाताळीची गंगा वर आणली, तीच बाणगंगा. याच गिरीच्या समुद्राकडील टोकाला श्रीगुंडी नावाची दुभंगलेली शिळा होती. तिच्या फटीतून पार होणाऱ्याचे पाप झडते, अशी श्रद्धा असे. कान्होजी आंग्रे आणि राघोबादादा हेही तीतून गेल्याचे सांगतात. आज ते स्थान राज्यपालांच्या निवासाच्या आवारात आहे.

पोर्तुगीज अमलात वाळकेश्वराचे मूळ देवालय नष्ट झाले. १७१५ साली रामा कामत यांनी ते पुन्हा उभारले. देऊळ पडले तरी भाविकांनी स्थान सोडले नाही, कारण गिरी जागेवर होता आणि झरा वाहत होता.

खाऱ्या समुद्राला लागून गोडे पाणी कसे, असे आजचे तरुण विचारतात. त्यांस आम्ही सांगतो की, टेकडीवर पडलेला पाऊस तिच्या पोटात मुरतो आणि पायथ्याशी झऱ्याने प्रकट होतो. या उत्तराने कथेला बाध येत नाही, उलट आपले कर्तव्य कळते. टेकडीची माती फरशीखाली गाडली, वृक्ष तोडले, तर मुरायचे काय आणि झरायचे काय? गिरी शुष्क झाला तर बाणगंगा केवळ कथेत उरेल.

२०२४ साली गाळ काढण्यासाठी तलावात यंत्र उतरवले गेले आणि पुरातन पायऱ्यांना इजा झाली. त्याबद्दल संताप योग्यच होता. परंतु श्राद्धपक्षात पिंड, पत्रावळी आणि निर्माल्य त्याच पाण्यात सोडणारे हात आपलेच असतात, हे कसे विसरावे?

प्रभूंनी पूजेस मूठभर वाळू पुरेशी मानली. आपणही बिल्वपत्र देवास वाहावे, निर्माल्य पाण्यात न सोडता कलशात ठेवावे, आणि या गिरीवरील प्रत्येक वृक्षाच्या रक्षणासाठी आवाज उठवावा. तेही शिवपूजनच होय.