नाक, नथ आणि मेण : चेहऱ्याच्या इतिहासाविषयी

१/११
वर्ध्यालगतच्या सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत टाळू, नाक किंवा डोळा गमावलेल्या माणसाला कृत्रिम अवयव घडवून देणे, हे कृत्रिम दंतशास्त्राचे एक अंग. आधी चेहऱ्याचा ठसा, मग मेणाची प्रतिकृती, मग साचा आणि शेवटी त्वचेच्या छटेशी जुळवलेले सिलिकॉन.

२/११
प्रोस्थेटिक रंगभूषा शिकणारा विद्यार्थी जवळपास याच वाटेने जातो. त्याच्यापुढे रुग्णाऐवजी नट असतो, इतकेच. त्याला गतदशकांच्या सौंदर्यशैलीही शिकाव्या लागतात. हा धडा बहुधा काजळ, केशरचना आणि ओठांच्या रंगाच्या यादीपाशी संपतो. वास्तविक तो इतिहासाचा धडा आहे आणि इतिहास म्हणूनच शिकवला गेला पाहिजे. नाकापासूनच आरंभ करू.

३/११
मराठी वधूचा चेहरा नथीवाचून पुरा होत नाही. ही नथ मात्र वाटते तितकी प्राचीन नाही. भांडारकर संस्थेतील संशोधक प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा छडा लावला, तेव्हा इ.स. १००० च्या पूर्वीचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे पडद्यावरच्या सातवाहन राणीला नथ कितीही शोभली, तरी रंगभूषा कित्येक शतकांनी चुकलेली असते.

४/११
आता रंगभूमी. १९११ साली ‘मानापमान’ आले आणि नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व, यांची भामिनी गाजली. त्यांच्या लुगड्यांचे, दागिन्यांचे, केशरचनेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, असे त्या काळाच्या आठवणींत वारंवार येते. मराठी स्त्रीसौंदर्याचा एका पिढीचा आदर्श एका पुरुषाने रंगपटात बसून घडवला होता!

५/११
पुढे शतकभराने, २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात सुबोध भावे यांचा चेहरा रंगभूषाकार विक्रम गायकवाड यांनी घडवला आणि त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेथे नुसती सुंदर स्त्री उभी करून भागणार नव्हते. १९११ चा पुरुष ज्या स्त्रीची कल्पना करीत होता, ती स्त्री उभी करायची होती. हे काम ब्रशाच्या आधी अभ्यासाचे आहे.

६/११
शैली कशी जन्मते, हेही पाहावे. १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’मध्ये साधना यांचे रुंद कपाळ झाकण्यासाठी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर केस कापून पुढे घेतले गेले. तोच ‘साधना कट’ देशभर मिरवला. एका चेहऱ्यातले तथाकथित उणे झाकण्याची युक्ती दशकाची फॅशन ठरली. उणे झाकणे आणि उणे भरून काढणे यांत अंतर फार नाही. ते पुण्याजवळच्या एका घटनेत दिसते.

७/११
‘नाक कापणे’ हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. कावसजीसाठी तो शब्दशः खरा ठरला. इंग्रजी सैन्यासाठी बैल हाकणारा हा माणूस टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळच्या एका कारागिराने आधी मेणाचे नाक घडवले, ते सपाट करून कपाळावर ठेवले, त्या मापाची त्वचा सोडवली आणि खाली वळवून नवे नाक उभारले.

८/११
हा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला. पुढे जोसेफ कार्पू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये तीच पद्धत लंडनमध्ये यशस्वी केली. वृत्तांतात कावसजीचे नाव आहे; नाक घडवणाऱ्याची मात्र वीटकाम करणाऱ्या जातीचा एक माणूस, एवढीच ओळख आहे. चेहरे घडवणाऱ्यांची नावे विसरण्याची सवय इतकी जुनी आहे.

९/११
पहिल्या महायुद्धात ॲना कोलमन लॅड या शिल्पकार स्त्रीने पॅरिसमध्ये विद्रूप झालेल्या सैनिकांसाठी तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे घडवून रंगवले. आधार काय? सैनिकांची युद्धापूर्वीची छायाचित्रे. कृत्रिम अवयव घडवताना रुग्णाचे जुने छायाचित्र आजही कामी येते, आणि दशकांची शैली उभारणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातीही तेच असते.

१०/११
पण छायाचित्र हे साधन आहे. ते जसेच्या तसे सत्य नव्हे. जुन्या कृष्णधवल फिल्मला लाल रंग नीट दिसत नसे, म्हणून तांबडे ओठ काळे उमटत. स्टुडिओवाले चेहऱ्यावरचे डाग पुसत, त्वचा उजळवत. शिवाय फोटो काढवून घेणे परवडे कोणाला? हे प्रश्न न विचारता उभारलेले ‘चाळीसचे दशक’ हे त्या दशकाने स्वतःविषयी केलेल्या जाहिरातीची नक्कल ठरते.

११/११
कोणी म्हणेल, रंगभूषा हा करमणुकीचा धंदा; त्याच्यावर इतिहासाचे ओझे कशाला? कारण बहुतेक लोक भूतकाळाचा चेहरा पुस्तकात पाहत नाहीत, पडद्यावर पाहतात. शिवाय खर्ऱ्याने तोंडे पोखरलेल्या विदर्भात ही कला करमणुकीपुरती राहिलेलीच नाही. तेथे तिच्याकडे आदर्श चेहरा कोणी मागत नाही; माणूस आपलाच चेहरा परत मागतो. दशकांचे चेहरे घडवणाऱ्याने भूतकाळालाही त्याचाच चेहरा परत द्यावा, आपल्या आवडीचा नव्हे.