पावसाचा आकडा गुप्त नको, खरा हवा

केरळमधील मुन्नार येथे अँथोनियार कॉलनीच्या उतारावर अमृता विद्यापीठाच्या संशोधकांनी संवेदक पुरले आहेत. मातीतील पाण्याचा दाब, उताराची हालचाल आणि पाऊस यांची मोजमापे ते बिनतारी जाळ्यातून पाठवतात. गंगटोकच्या चांदमारीतही असेच काम झाले आहे. अशा जाळ्यांच्या सुरक्षेचा विषय निघाला की चर्चा बहुधा एन्क्रिप्शनपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. माझ्या मते प्राधान्यक्रम इथेच चुकतो.

डोंगरावर किती पाऊस पडला, यात लपवण्यासारखे काय आहे? तो आकडा गावकऱ्यांनाही दिसावा. खरा प्रश्न असा की, तो त्याच संवेदकाने आणि आत्ताच पाठवला आहे का? केवळ एन्क्रिप्शन याची हमी देत नाही. कोरड्या दिवशी टिपून ठेवलेला सांकेतिक संदेश, अर्थ न कळताही, मुसळधार पावसात जसाच्या तसा पुन्हा प्रसारित करता येतो. मग इशारा निघणारच नाही.

उलटही घडते. ७ एप्रिल २०१७ च्या रात्री अमेरिकेतील डॅलस शहरात कुणीतरी रेडिओ संकेतांद्वारे आपत्कालीन इशाऱ्याचे १५६ भोंगे वाजवले. ते संवेदक नव्हेत, हे मान्य. पण आज्ञा कोणाकडून आली याची खातरजमा तिथेही नव्हती. डॅलसमध्ये झोपमोड झाली. दरडीखालच्या वस्तीत दोनदा खोटा भोंगा वाजला, तर तिसऱ्या वेळी घर कोण सोडेल?

बॅटरीवरील यंत्राला हे परवडत नाही, ही सबब जुनी आहे. बर्कलीच्या ‘टायनीसेक’ने २००४ मध्येच प्रत्येक संदेशाला ४ बाइटची सत्यता-खूण जोडून दाखवली, ऊर्जेचा जादा खर्च १० टक्क्यांहून कमी होता. पुनःप्रसारणाचा बंदोबस्त मात्र तिने केला नव्हता. त्यासाठी प्रत्येक संदेशात चढता क्रमांक लागतो, आणि बॅटरी बदलल्यावर तो विसरू नये याची तजवीज करावी लागते. (कंटाळवाणे काम आहे, म्हणूनच राहून जाते.) अशाच लहान यंत्रांसाठी अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २०२३ मध्ये ‘अस्कॉन’ पद्धती निवडली. शिवाय उतारावरची पेटी कोणीही उघडू शकतो. सर्व संवेदकांची किल्ली एकच असेल, तर एका पेटीबरोबर सारे जाळे हाती जाते.

महाविद्यालयीन प्रकल्पात लोरावर संवेदक जोडणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे करावे: आपल्याच यंत्राचा कालचा संदेश टिपून आज पुन्हा पाठवावा आणि ग्राहक-यंत्र तो स्वीकारते का, ते पाहावे.