परसातील निलगिरी आणि छाटणीचा विवेक

परसातील निलगिरीविषयी दोन मते रूढ आहेत. एक पक्ष म्हणतो की हे रानातले झाड असून करवत लागताच ते मरते किंवा बिघडते, म्हणून त्याला हात लावू नये. दुसरा पक्ष म्हणतो की झाड गच्चीच्या वर गेले की त्याचा वरचा अर्धा भाग उडवावा, म्हणजे वाऱ्यापावसाची भीती उरत नाही. ही मते परस्परविरुद्ध दिसली, तरी निलगिरी कशी वाढते याचा विचार दोहोंतही झालेला नाही.

पहिल्या मताचे खंडन झाडाच्या रचनेतच आहे. निलगिरी ऑस्ट्रेलियातील वणव्यांच्या प्रदेशात घडलेली असल्यामुळे तिच्या बहुतेक जातींत खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथे लिग्नोट्यूबर, म्हणजे अन्नसाठा व सुप्त डोळे असलेली काष्ठगाठ, तयार होते आणि वरचा भाग नष्ट झाला की याच डोळ्यांतून फुटवे येतात. रेग्नान्ससारख्या काही जातींना ही गाठ नसते व त्या वणव्यात मरतात हे खरे. परंतु महाराष्ट्रात लावल्या जाणाऱ्या टेरेटिकॉर्निस आणि लिंबाच्या वासाची सिट्रिओडोरा या जाती बुंध्यातून पुन्हा फुटतात, आणि याच गुणावर निलगिरीचे बागायतदार एकाच लागवडीतून दोन-तीन तोडी घेतात.

दुसरे मत फुटव्यांची शक्ती जाणते, पण त्यांची बैठक पाहत नाही. नैसर्गिक फांदीचा तळ वर्षानुवर्षे खोडाच्या लाकडात गुंफला जातो, तर शेंडा तोडल्यावर सालीलगत आलेल्या फुटव्यांची पकड वरवरची असते. ते झपाट्याने उंची गाठतात, त्याच वेळी खालचा उघडा काप कुजू लागतो, आणि ज्या भीतीपोटी शेंडा तोडला तीच काही पावसाळ्यांनी अधिक बळावून परत येते. जमिनीलगतचे फुटवेही असेच येत नाहीत काय, असा आक्षेप येथे घेता येईल. पण ते विरळ करून पुन्हा कापता येतात आणि मोडले तरी घराच्या छपरावर पडत नाहीत.

म्हणून छोट्या परसात निलगिरी झुडपासारखी राखणे हाच योग्य मार्ग होय. रोप दोन-तीन वर्षांत नीट रुजले की थंडी ओसरताना, नवी पालवी येण्याआधी, ते जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटरवर तिरके कापावे, काष्ठगाठीला इजा होऊ देऊ नये, आणि फुटवे वीत-दीड वीत झाले की जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे काढावेत. दर दोन-तीन वर्षांनी हाच क्रम ठेवल्यास कोवळी पानेही मिळत राहतात; सिट्रिओडोराची अशी पाने लवदार, खरखरीत आणि लिंबाच्या वासाने भरलेली असतात.

आधीच उंच झालेल्या झाडाचा शेंडा तोडू नये; वाळलेल्या, घासणाऱ्या व घराकडे झुकलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात. जड फांदीला खोडापासून थोड्या अंतरावर आधी खालून अर्धवट काप द्यावा, त्याच्या जरा पुढे वरून कापून तिचे ओझे उतरवावे, म्हणजे साल खोडापर्यंत सोलली जात नाही. उरलेला खुंट फांदीच्या तळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर कापावा, कारण जखम झाकणारी वाढ त्या कड्यातूनच होते. कापावर डांबर फासल्याने कूज थांबत नाही. झाड भिंतीला भिडले असेल, तर शहरी भागात 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी घेऊन ते जाणकारांकडून उतरवून घ्यावे.

निलगिरी पाणी फार ओढते या तक्रारीतही तथ्य आहे, कारण जलद वाढीला पाणी लागतेच आणि विहिरीजवळ ती लावू नये. पण पानोरा मर्यादित ठेवला की बाष्पावाटे जाणारे पाणीही घटते. ज्याची नियमाने करवत चालवण्याची तयारी नाही, त्याने छोट्या परसात निलगिरी लावू नये. ज्याची आहे, त्याने तिला भिण्याचे कारण नाही.