सहा व्होल्टची बदनामी

मागच्या रविवारी बाबांच्या येझदीची टाकी उतरवली. खाली वायरिंग कसलं, शेवयांचा गुंता! सगळ्या वायरी लाल, जागोजागी पीळ मारून काळी पट्टी आणि फ्यूजच्या जागी चक्क तांब्याची तार. वर मिस्त्रीचं ज्ञान: "सहा व्होल्टची गाडी आहे साहेब, लाइट एवढाच पडणार."

साफ खोटं. हिशोबच करा ना. ३६ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर ६ अँपिअर ओढतो. वाटेतल्या गंजक्या जोडांचा रेझिस्टन्स नुसता ०.२ ओहम धरला तरी १ व्होल्ट तिथेच संपतो, बल्बला उरतात ५ व्होल्ट, म्हणजे ३६ ऐवजी जेमतेम २५ वॅट. तेच जोड १२ व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट खातात, म्हणून तिथे चोरी पकडली जात नाही, एवढंच.

आणि हौशी मंडळी? क्रोम, पावडर कोटिंग, पैसा पाण्यासारखा. त्याच कोटिंगखाली फ्रेमवरचा अर्थिंगचा पॉइंट गाडला जातो, मग पुन्हा शिव्या सहा व्होल्टला. १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना असलेल्या आपल्या संभाजीनगरात ही तऱ्हा!

मी पॉइंट खरवडला, जुने जोड कापून नवीन वायरी टाकल्या, फ्यूज बसवला. बल्ब तोच.

बाबांनी वाळूजच्या रात्रपाळ्या त्या पिवळट उजेडात काढल्या. रस्ता दिसत नाही म्हणून दोनदा चष्म्याचा नंबर तपासून आले होते बिचारे.