नळीला बॅटरी बांधणाऱ्यांनो, जरा थांबा!

कोकणात रात्री शिकारीला गेलेल्याला सोबत्याचीच गोळी लागली, अशा बातम्या आपण काय कमी वाचल्या? दर वेळी एकच वाक्य, "डुक्कर समजून." की विषय संपला!

त्यात बॅटरी बंदुकीच्या नळीलाच चिकटपट्टीने बांधायचं खूळ. दोन्ही हात मोकळे, सोय वाटते. पण अहो, नुसतं काय आहे ते बघायचं तरी बंदूकच रोखावी लागते! आधी नेम, मग ओळख. उलटा कारभार.

डोळे चमकतील म्हणून भरवसा ठेवता? गाय, कुत्रा, बिबट्या यांचे डोळे उजेडात चमकतात. रानडुकराचे तसे चमकत नाहीत. माणसाचेही नाहीत! म्हणजे झुडपात काहीच चमकलं नाही, तर ते डुक्कर असेल, नाहीतर शेजारचा दादा.

भाताचं नुकसान खरं, रागही खरा. त्यासाठी वन खात्याला पंचनाम्याला बोलवा, भरपाईसाठी भांडा, आम्ही सोबत आहोत. पण शेतीसंरक्षणाचा परवाना पिकासाठी आहे, मटणासाठी नव्हे. राखणीला जाताना बॅटरी हातातच ठेवा, आणि ओळख पटल्याशिवाय घोड्याला बोट नाही.

डुक्कर निसटलं तर उद्या परत येईल. माणूस नाही येणार.